न लावलेले अंगठे

आमच्या घरात माणसांशी कुठल्याही भाषेत बोललेलं चालायचं, घोडीशी मात्र मराठीतच. भांडणं तमिळमध्ये, देवापुढची आरती तंजावरच्या जुन्या मराठीत, शाळेचा अभ्यास इंग्रजीत, आणि मागच्या तबेल्यात फक्त तबेल्याची मराठी. अप्पा म्हणत, जनावराला एक भाषा पुरते, माणसालाच दहा लागतात आणि तरी त्याचं भागत नाही. आमचे पूर्वज तंजावरच्या राजाच्या पागेत मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. राज्य गेलं, पागा मोडली आणि पोटामागं आमची माणसं मद्रासला आली. दरबारातली मराठी मोठ्या लोकांनी सांभाळली असेल, आम्ही खरारा, तोबरा, लगाम एवढी सांभाळली.

अप्पा जटका चालवत. जटका म्हणजे मद्रासचा टांगा. दोन चाकं, वर कमानीचं छप्पर, आत गवतावर चटई अंथरलेली आणि उतारूंनी पाय दुमडून बसायचं. आमच्या भागातल्या रेल्वे स्टेशनासमोर अकरा जटक्यांचा स्टँड होता. टी. नगरला साड्या घ्यायला निघालेल्या बायका, लग्नाची वऱ्हाडं, आजारी म्हातारे, सगळ्यांची ने-आण हे अकरा जण करत. स्टँडावर कुणालाच नाव नव्हतं, नंबर होता. अप्पा एक नंबर. त्यांचा जिवलग दोस्त दोन नंबर. तो तमिळ होता, मी त्याला मामा म्हणायची आणि तो मला पाप्पा म्हणायचा. तमिळ घरात लहान पोरीला पाप्पा म्हणतात. मी सोळा वर्षांची झाले तरी त्याच्या तोंडचं पाप्पा सुटलं नव्हतं.

अकराही जण अंगठेबहाद्दर. त्यांच्या घरांतून शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत पोचलेली मी एकटी. शिवाय मी संध्याकाळी हिंदीच्या वर्गालाही जात असे, परीक्षा देत असे, प्रमाणपत्रं आणत असे. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी मी. कुणाचं पत्र आलं, दवाखान्याची चिठ्ठी आली, कचेरीचा कागद आला की तो माझ्याकडे यायचा. मी दारात उभी राहून मोठ्यानं वाचायची. अडलं तर थांबायची नाही, ठोकून द्यायची. आतापर्यंत कुणी पकडलं नव्हतं आणि त्यामुळे मला वाटायला लागलं होतं की मी ठोकून देत नाहीच, मला येतंच.

पन्नासच्या दशकाची ती शेवटची वर्षं. एके दिवशी स्टँडावर रेल्वेची नोटीस लागली. स्टेशनासमोरचं आवार मोकळं करायचं आहे, तिथं टॅक्सी आणि बस उभ्या राहणार, जटक्यांनी जागा सोडावी. कुठं जावं ते लिहिलेलं नव्हतं. स्टँड गेला तर जटक्याला अर्थ नाही. रस्त्यात उभं राहिलं की पोलिसाची काठी आणि गल्लोगल्ली फिरून उतारू शोधायचे तर घोडीचेच हाल. अकरा जणांनी मिळून एक वकील धरला आणि कोर्टात दावा लावला. तारखा पडत राहिल्या. बस मात्र रोज येतच होत्या. अप्पा ताटात भात टाकून उठत आणि आई त्या ताटाकडे बघत बसे.

त्याच दिवसांत आमच्याकडच्या तंबू-थिएटरात एक हिंदी चित्रपट आला. टांगेवाल्यांच्या गावात मोटार येते, टांगेवाल्यांचा धंदा बसतो, ते मोटारीशी शर्यत लावतात आणि जिंकतात, एवढं स्टँडापर्यंत पोचलं होतं. मग काय, अकराही जण दुपारच्या खेळाला निघाले आणि दुभाषी म्हणून मला घेतलं. आईनं तोंड वाकडं केलं, पण जाऊ दिलं.

तंबूत वाळूवर बसायचं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मध्ये गुडघाभर उंचीची भिंत. मी भिंतीला खेटून बसले, पलीकडून अप्पा खेटून बसले. पडद्यावर कुणी बोललं की मी आमच्या मराठीत अप्पांना सांगायची, अप्पा तमिळमध्ये दोन नंबरला सांगायचे, दोन नंबर पुढच्याला. विनोद अकरा नंबरपर्यंत पोचेतो पडद्यावर माणसं रडायला लागलेली असायची आणि अकरा नंबर एकटाच हसायचा. मागचे लोक आम्हांला शिव्या देत होते. निम्मी वाक्यं मला कळलीच नाहीत. टांगेवाला काय म्हणाला असेल ते मी मनानंच रचत होते. त्याच्या तोंडी मी अप्पांना आवडतील अशी वाक्यं घातली. आम्ही कुणापुढं वाकणार नाही, आम्ही जागा सोडणार नाही. तो बिचारा तिथं काय बोलत होता देव जाणे.

शेवटी टांगा मोटारीच्या पुढं गेला तेव्हा दुभाष्याची गरज उरली नाही. अकरा जण उभे राहून ओरडत होते. अप्पा खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसत होते. माझ्या बापाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. ते रडणं मी घडवून आणलं असं मला वाटलं. थोडंफार खरंच मी घडवून आणलं होतं.

त्यानंतर स्टँडावर वारं भरलं. चित्रपटातल्या टांगेवाल्याची, म्हणजे मीच रचलेली वाक्यं एकमेकांना ऐकवली जाऊ लागली. बसवाल्यानं भोंगा वाजवला की दोन नंबर मामा उठून सलाम ठोकायचा आणि सगळे हसायचे. ते हसू मला आता ऐकवत नाही.

तीन-चार महिन्यांनी, माझ्या शेवटच्या परीक्षेच्या आधी, वकिलाचा गुमास्ता, म्हणजे कारकून, सायकलवरून स्टँडावर आला. त्यानं अप्पांच्या हातात टाईप केलेला एक कागद दिला. राजीनामा आहे, म्हणाला, अकराही जणांचे अंगठे घ्या आणि उद्या दहाला कोर्टात या. एवढं बोलून त्यानं सायकलवर टांग मारली. त्याला आणखी चार ठिकाणी जायचं होतं.

अप्पा कागद घेऊन तडक घरी आले. मी भूगोलाचं पाठांतर करत होते. कागदाच्या माथ्यावर इंग्रजी अक्षरांत तोच शब्द ठळक होता, राजीनामा. आता राजीनामा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं, तमिळमध्येही राजिनामा म्हणजे तेच. त्याच महिन्यात आमच्या मुख्याध्यापिकेनं राजीनामा दिला होता आणि शाळाभर तेवढा एकच शब्द घुमत होता. दोन भाषा एकच साक्ष देत होत्या. खालचं पहिलं वाक्य मी वाचलं. दावा लावणारे स्टेशनासमोरच्या आवारावरचा हक्क सोडत आहेत, असा त्याचा अर्थ होता. तेवढं इंग्रजी मला येत होतं.

पुढचं येत नव्हतं. पुढं लांबच लांब वाक्य होतं, अर्धं पान भरून, त्यात मला न कळणारे कोर्टाचे शब्द. मी त्यावरून नजर फिरवली. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी सांगितलं, "अप्पा, हा राजीनामा आहे. आम्ही जागा सोडतों म्हणून तुम्ही लिहून देताय."

"पुढें काय आहे?"

"पुढं तेंच. कायद्याचं बोलणं."

"अस्क वाचलींस कां?"

अस्क म्हणजे आमच्या बोलीत सगळं. मी होय म्हटलं. अस्क वाचलं म्हटलं. आजवर इतकी खोटी वाक्यं मी त्या माणसाला ऐकवली होती, त्यात हे आणखी एक. मला ते खोटं वाटलंही नाही.

अप्पांचा चेहरा काळा पडला. आमच्या घराण्यात एक समजूत पिढ्यानपिढ्या चालत आलेली होती. आमचा राजा गोरा साहेब सांगेल तिथं सही करत गेला, कागद पुरता वाचला नाही, म्हणून तंजावर गेलं. हे इतिहासात बसतं का नाही मला माहीत नाही, पण आमच्याकडे लेकरांना हेच सांगत. कागदावर अंगठा लावण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्यावा, हा आमचा कुळाचार. अप्पांनी तो पाळला होता. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला आणि म्हणाले, "राजानें केलें तें मी करायचा नाहीं."

स्टँडावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की वकील फितूर झाला आहे, आपल्याकडून जागा लिहून घेतो आहे. कुणी शंका काढली नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता कोर्टात अकरापैकी एकही गेला नाही. अकराही जण घोड्यांच्या कपाळावर कुंकू लावून स्टँडावर उभे राहिले आणि रोजच्यासारखे उतारू घेतले. मी शाळेत जाताना त्यांना तसं ओळीनं उभं पाहिलं आणि माझी छाती अभिमानानं फुलली.

कोर्टात दाव्याचा पुकारा झाला. हजर कुणी नाही म्हणून तो काढून टाकला आणि रेल्वेनं जे देऊ केलं होतं तेही मागं घेतलं, हे मला फार पुढं कळलं. अप्पा आठवड्यानं वकिलाकडे जाब विचारायला गेले. परत आले तेव्हा घरात न शिरता तबेल्यात गेले आणि बराच वेळ घोडीला खरारा करत राहिले. आईनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की केस गेली. मग स्टँडावर गेले. तिथं त्यांनी काय सांगितलं ते माझ्या कानावर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की कागदाचा अर्थ त्यांनी स्वतःच चुकीचा लावला, दोष त्यांचा. काय चुकलं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. वकिलानंच त्यांना गोंधळात टाकलं असेल असं मी ठरवून टाकलं.

त्या दिवसापासून दहाही जणांनी अप्पांशी बोलणं टाकलं. दोन नंबर मामा आमच्या दारावरून जाताना मान वळवायचा. एकदा भर रस्त्यात तो अप्पांना ओरडला की तुझ्या शहाणपणानं अकरा चुली विझल्या. मी खिडकीत होते. अप्पांनी मान खाली घातली. मी त्या माणसाचा इतका तिरस्कार केला की त्यानंतर त्याला मामा म्हणणं मी सोडून दिलं.

महिन्याभरात आवार रिकामं झालं. पोलीस जटक्यांना कुठं थांबू देईनात. तोबऱ्यात घालायचे हुलगे परवडेनासे झाले, घोडी बरगड्या दाखवू लागली. अप्पांनी ती कांचीपुरमकडच्या एका तमिळ माणसाला विकली. ती मुळीच त्याच्यासोबत जाईना. तो चल म्हणून तमिळमध्ये ओरडत होता आणि ती कान टवकारून अप्पांकडे बघत होती. शेवटी अप्पांनी मला वही आणायला लावली. चल, थांब, हळू, मागं सर, असे शब्द मी तमिळ अक्षरांत लिहून दिले. तमिळमध्ये त आणि थ एकच, त्यामुळे थांबचं तांबु झालं. तो हसला, म्हणाला तांबु म्हणजे तर दोर. अप्पांनी त्याच्याकडून ते चार शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले, अगदी मास्तरासारखे. मग घोडी गेली. आई त्या दिवशी चुलीपाशी बसून घरातल्या सगळ्यांसाठी नुसती पेज करत होती आणि रडत होती. मला राग आला होता तो बसवाल्यांचा, वकिलाचा, दोन नंबरचा. माझ्या डोक्यात माझं नाव एकदाही आलं नाही.

अप्पांनी काही वर्षं बाजारात गोणी वाहिल्या. पुढं मद्रासबाहेर अंबत्तूरला कारखाने उभे राहिले तेव्हा एका छोट्या कारखान्यात झाडलोटीला लागले. यंत्राखाली पडलेला लोखंडाचा भुसा गोळा करायचा. जायचे-यायचे बसनं. त्या बसमध्ये ते कधी बसत नसत, जागा असली तरी उभे राहत. आईनं एकदा कारण विचारलं तर म्हणाले, सवय नाही.

मी टायपिंग शिकले आणि सहा वर्षांनी एका वकिलाच्या कचेरीत नोकरीला लागले. आमचा तो जुना वकील नव्हे, दुसरा. दुसऱ्याच महिन्यात साहेबांनी एक मजकूर सांगितला आणि मथळा म्हणाले, राजीनामा. मी टाईप केलं. खाली पहिल्या वाक्यात एक पक्ष आपला हक्क सोडत होता. पुढच्या लांबच लांब वाक्यात दुसरा पक्ष त्याच्या बदल्यात त्याला काय काय देत होता. मी म्हाताऱ्या गुमास्त्याला विचारलं की राजीनामा नक्की कोण देतंय. तो हसला. म्हणाला, अगं, दोघंही राजी म्हणून राजीनामा. तडजोड. मद्रासच्या कोर्टांत नवाबाच्या काळापासून हेच म्हणतात.

 घरी येऊन मी ट्रंकेतून हिंदीच्या वह्या काढल्या. शब्दार्थांच्या यादीत माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, राजीनामा म्हणजे आपसातला समझोता. त्यापुढं मास्तरांची बरोबरची खूण होती. मी तो शब्द पाठ केला होता. त्याला मार्कही मिळवले होते. आणि बाप कागद घेऊन समोर उभा राहिला तेव्हा तो मला आठवला नव्हता.

जुन्या वकिलाच्या गुमास्त्याला मी शोधून काढलं. त्याला ती केस आठवत होती. त्या लांब वाक्यात लिहिलं होतं की समोरचं आवार सोडावं, आणि त्याबदली स्टेशनाच्या बाजूच्या गल्लीत या अकरा जणांना, ते हयात असेतो, स्टँड मिळेल. हयात असेतो. अकरा आयुष्यं त्या वाक्यात होती आणि मी त्यावरून नजर फिरवली होती.

तीन दिवस मला अन्न गेलं नाही. चौथ्या दिवशी रविवार होता, अप्पा घरी होते. मी त्यांच्यापुढं बसून सगळं सांगितलं. ते ऐकत होते, टाचेत रुतलेला लोखंडाचा कण सुईनं काढत होते. मला वाटलं ते मला मारतील, मारावं असंही वाटत होतं.

"मज ठाऊक आहे," ते म्हणाले. "वकिलानें तेव्हांच सांगितलें."

मग मला का नाही बोललात, असं मी विचारलं.

"त्या महिन्यांत तुझी परीक्षा होती."

एवढं बोलून त्यांनी सुई आईकडे दिली. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते हळूच सोडवून घेतले, कारण टाच दुखत होती.

पण माझं एवढ्यानं भागणार नव्हतं. दहा माणसं माझ्या बापाला दोषी धरून बसली होती. त्या संध्याकाळी मी दोन नंबरच्या घरी गेले. त्याचा घोडा मेला होता, जटका त्यानं लाकडाच्या भावात विकला होता आणि तो आता देवळाबाहेर चपला सांभाळायला बसे. घरी एकटाच होता, म्हातारा दिसत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं की तो कागद अप्पांनी नाही, मी वाचला होता, पुरता न वाचता वाचला म्हणून सांगितलं होतं, शिव्या द्यायच्या तर मला द्या.

त्यानं माझ्यापुढं चटई सरकवली.

"पाप्पा, तुझा बाप अंगठेवाला. कागद कोणी वाचला, हे आम्हांला कळायला काय कोर्ट लागतं?"

 मग तुम्ही त्यांच्याशी बोलणं का टाकलंत, असं मी विचारलं.

"त्यानंच सांगितलं. वकिलाकडून आला, दहा जणांच्या पाया पडला. म्हणाला, मला शिव्या द्या, मोठ्यानं द्या, माझ्या दारात द्या. पोरीच्या कानावर जाऊ दे की चूक बापाची आहे. परीक्षा होईपर्यंत तरी."

मी खाली बसले. तो पुढं बोलत होता, माझ्याकडे न बघता. सुरुवातीला ते नाटक होतं, म्हणाला. रस्त्यात ओरडून आला त्या दिवशी घरी जाऊन तो रडला होता. परीक्षेनंतर पुन्हा बोलायचं असं अकरा जणांत ठरलेलं होतं. पण तोवर स्टँड गेला. पाच नंबरनं पोरं शाळेतून काढली, आठ नंबर गावी निघून गेला तो परत आला नाही. मग याचा घोडा आजारी पडला आणि औषध करता आलं नाही.

"घोडा मेला त्या दिवसापासून मला खरंच राग आला," तो म्हणाला. "नाटक कुठं संपलं ते आमचं आम्हांलाच कळलं नाही."

मी त्याच्यापुढं हात जोडले. म्हटलं, मामा, आता तुम्हांला सगळं ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आता एकदा घरी या. अप्पा कधी म्हणत नाहीत, पण त्यांना दुसरं कुणी नाही.

त्यानं मान हलवली. "नाही येणार," म्हणाला. आवाजात राग नव्हता. "येऊन काय बोलू त्याच्याशी? घोड्याचा राग कुणावर तरी जाणारच. तुझ्यावर रागावता आलं असतं, तर त्याच्याशी बोलता आलं असतं."

मी घरी आले तेव्हा अप्पा दुसऱ्या दिवसासाठी सदरा धुऊन वाळत घालत होते. कुठं गेली होतीस, असं त्यांनी विचारलं नाही. दोन नंबर बरा आहे ना, एवढं विचारलं. मी म्हटलं, बरा आहे, तुमची आठवण काढत होता, पाय दुखतात म्हणून येत नाही, बरं वाटलं की येईन म्हणाला.

अप्पांनी सदऱ्याच्या बाह्या झटकून सरळ केल्या आणि बरं म्हणाले. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. दर रविवारी ते आंघोळ करून धुतलेला सदरा घालत आणि दुपारपर्यंत पुढच्या दाराशी बसून राहत.